क्रिएटिनिनचा निर्वाळा पुरेसा नाही

मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या माणसाच्या किडनीविषयी आपल्याकडे एक वाक्य फार ठामपणे उच्चारलं जातं: ‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे, किडनी चांगली आहे.’ दवाखान्यात ते डॉक्टर म्हणतात, घरी आल्यावर रुग्ण म्हणतो, आणि पुढचा रिपोर्ट येईपर्यंत सगळं घर त्यावर विसंबून राहतं. या एका वाक्यात एक अख्खं मत सामावलेलं आहे. किडनीचा आजार आधी ओळखता येत नाही, ओळखला तरी त्याने काही साधत नाही, म्हणून क्रिएटिनिन वाढलं की मग बघू, असं ते मत. ते सर्वमान्य आहे, सोयीचं आहे आणि माझ्या मते साफ चुकीचं आहे. या लेखात मला तेच खोडून काढायचं आहे.

पण खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. तो चार खांबांवर उभा आहे. पहिला खांब असा: क्रिएटिनिन ही स्वस्त आणि तालुक्याच्या गावीही होणारी तपासणी आहे. रक्तातला हा टाकाऊ पदार्थ किडनी बाहेर टाकते, म्हणजे तो साठलेला नसेल तर किडनी आपलं काम करते आहे. दुसरा: मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या बहुतेकांवर डायलिसिसची वेळ कधीच येत नाही. मग सगळ्यांच्या मागे तपासण्यांचा ससेमिरा लावून निरोग्याच्या कपाळी रोगाचा शिक्का कशाला मारायचा? तिसरा: धोका आधी कळला तरी करायचं तेच असतं. साखर आटोक्यात ठेवा, रक्तदाब आटोक्यात ठेवा, रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी घ्या. ही गोळी चालूच असेल तर नव्या आकड्याने काय बदलणार? आणि चौथा: धोक्याचं भाकीत करणारी सूत्रं परदेशातल्या लोकांवरून बेतलेली आहेत, ती आपल्या माणसांना कशी लागू पडणार?

हा पूर्वपक्ष अडाण्यांचा नाही. अमेरिकेतल्या ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या डॉक्टरांच्या मातब्बर संस्थेने २०१३ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत प्रिल किंवा सार्टन गटातलं औषध घेणाऱ्या प्रौढांच्या लघवीतलं प्रथिन तपासू नये अशी शिफारस होती. त्या प्रौढांत मधुमेहीही आले. त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मॉयनिहान, ग्लासॉक आणि डाउस्ट यांनी लिहिलं की, दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराची व्याख्या इतकी ऐसपैस केली गेली आहे की असंख्य लोकांना विनाकारण रोगी ठरवलं जात आहे. ग्लासॉक हे स्वतः मूत्रपिंडविकारांचे जाणते तज्ज्ञ. त्यामुळे ‘हे डॉक्टर लोक उगाच घाबरवतात’ या घरगुती तक्रारीला विद्वानांचाही आधार होता. तेव्हा उत्तरही पुराव्यानिशीच दिलं पाहिजे.

पहिल्या खांबापासून सुरुवात करू, कारण बाकीचे तीन त्याच्याच आधाराने उभे आहेत.

क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. म्हणजे रक्तातला त्याचा आकडा दोन गोष्टींवर ठरतो: स्नायू किती आहेत आणि किडनी किती गाळते. आपण रिपोर्ट वाचताना पहिली गोष्ट विसरून जातो. समजा, तिशीतल्या एका पुरुषाचं क्रिएटिनिन १.१ आलं आणि पासष्ट वर्षांच्या एका बाईंचंही १.१ आलं. बहुतेक प्रयोगशाळांच्या कागदावर दोघेही ‘नॉर्मल’च्या रकान्यात बसतील. पण वय आणि लिंग जमेस धरून किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज काढणारं २०२१ चं सीकेडी-एपीआय सूत्र लावलं, तर त्या तरुणाचा वेग, म्हणजे ईजीएफआर, मिनिटाला सुमारे ९३ मिलिलिटर येतो, आणि त्या बाईंचा सुमारे ५६. हा वेग ६० च्या खाली गेला आणि तीन महिने खालीच राहिला की त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. एकच आकडा, एकच ‘नॉर्मल’ असा शेरा. पण एकाची किडनी शाबूत आहे आणि दुसरीची आजाराची रेषा ओलांडून गेली आहे.

दुसरी अडचण याहून खोल आहे. गाळण्याचा वेग आणि क्रिएटिनिन यांचं नातं सरळ रेषेचं नाही, व्यस्त आहे. वेग १२० वरून ६० वर आला, म्हणजे निम्मी क्षमता गेली, तरी क्रिएटिनिन ०.६ वरून जेमतेम १.२ होतं आणि नॉर्मलच्या आतच राहतं. त्यात किडनीच्या नलिका थोडं क्रिएटिनिन रक्तातून थेट लघवीत टाकतात, आणि गाळणं मंदावलं की हा वाटा वाढतो. म्हणजे बिघाड झाकण्याची सोय शरीरातच आहे. क्रिएटिनिन नॉर्मलची वेस ओलांडतं तोवर अनेकांची निम्मी किडनी निकामी झालेली असते. ज्या तपासणीला नुकसान दिसायला अर्धं नुकसान व्हावं लागतं, तिच्यावर भाकिताचा भार टाकता येत नाही.

मधुमेहात तर प्रकार आणखी फसवा होतो. रक्तात साखर वाढली की किडनीच्या सुरुवातीच्या नलिका साखरेबरोबर मीठही जास्त ओढून घेतात. पुढे पोचणारं मीठ कमी पडतं, म्हणून किडनीला वाटतं की गाळणं कमी होतंय. ती आत येणारी रक्तवाहिनी सैल सोडते. गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छांमधला दाब वाढतो आणि वेग नेहमीपेक्षाही चढतो. या काळात क्रिएटिनिन कमी येतं आणि रिपोर्ट सुरेख दिसतो. प्रत्यक्षात प्रत्येक गुच्छ जादा दाबाखाली राबत असतो आणि हळूहळू निबर होत असतो. जोडीला बाहेरचा रक्तदाबही वाढलेला असेल तर हा भार दुप्पट जाचक होतो. किडनी बिघडली की रक्तदाब आणखी चढतो, आणि चढलेला रक्तदाब किडनी आणखी बिघडवतो. ज्या वर्षांत नुकसानाचा पाया घातला जातो, नेमक्या त्याच वर्षांत क्रिएटिनिन सर्वांत चांगलं दिसतं.

मग आधी कोण सांगतं? लघवी सांगते, आणि हे वैद्यकाला दोनशे वर्षं माहीत आहे. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावरची सूज, तापवल्यावर साकळणारी लघवी आणि शवविच्छेदनात आढळणारी खराब मूत्रपिंडं यांचा संबंध दाखवून दिला. साकळणारा पदार्थ होता अल्ब्युमिन, रक्तातलं प्रथिन. निरोगी गाळणी ते जवळपास मुळीच सोडत नाही. त्याच हॉस्पिटलशी जोडलेले हॅरी कीन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६३ मध्ये, साध्या तपासणीला दिसणार नाही इतकं सूक्ष्म अल्ब्युमिन मोजण्याची पद्धत वापरात आणली. आणि १९८२ मध्ये, पुन्हा गाय्जमधूनच, विबर्ती, कीन आणि सहकाऱ्यांचा तो छोटासा पण निर्णायक निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. इन्सुलिनवर असलेल्या ६३ मधुमेहींना त्यांनी १४ वर्षांनी पुन्हा तपासलं. सुरुवातीला ज्यांच्या लघवीत सूक्ष्म अल्ब्युमिन ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त होतं अशा ८ जणांपैकी ७ जणांना पुढे उघड मूत्रपिंडविकार झाला. मर्यादेखाली असलेल्या ५५ जणांपैकी फक्त दोघांना झाला. दोनच वर्षांनी, १९८४ मध्ये, डेन्मार्कच्या मोगेन्सेन यांनी दाखवलं की, प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहातही हे सूक्ष्म अल्ब्युमिन पुढच्या आजाराची आणि अकाली मृत्यूचीही पूर्वसूचना देतं.

म्हणजे भाकीत करता येत नाही हे म्हणणं चाळीस वर्षांपूर्वीच निकालात निघालेलं आहे. तरीही ‘आमची लघवी दर वर्षी तपासतात, त्यात काही निघत नाही,’ असं अनेक जण सांगतात. इथे एक गल्लत होते. नेहमीच्या लघवी तपासणीत जी पट्टी बुडवतात, ती अल्ब्युमिन बऱ्यापैकी वाढल्यावरच रंग बदलते. सूक्ष्म वाढ तिच्या नजरेतून निसटते. हवी ती तपासणी वेगळी आहे. प्रयोगशाळेत तिला युरिन एसीआर किंवा मायक्रोअल्ब्युमिन म्हणतात. लघवीतलं अल्ब्युमिन आणि लघवीतलंच क्रिएटिनिन यांचं प्रमाण तिच्यात काढतात. एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत अल्ब्युमिन असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे सावध होण्याची वेळ, आणि ३०० च्या वर म्हणजे मोठी गळती. सकाळच्या पहिल्या लघवीचा थोडासा नमुना तिला पुरतो.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करायला हवी, नाहीतर हे मंडनही एकांगी होईल. अल्ब्युमिन एकटं पुरत नाही. ब्रिटनच्या ‘यूकेपीडीएस’ या दीर्घ अभ्यासात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहींचा सुमारे पंधरा वर्षं पाठपुरावा केला गेला. ज्यांची गाळण्याची क्षमता खालावली, त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या लघवीत त्याआधी अल्ब्युमिन वाढलेलंच नव्हतं. काहींच्या किडनीचा ऱ्हास गुच्छांच्या गळतीवाचून, बारीक रक्तवाहिन्या कठीण होऊन होतो. रक्तदाबाच्या वृद्ध रुग्णांत हे जास्त दिसतं. पण या पुराव्यावरून क्रिएटिनिनचा पक्ष जिंकत नाही. निष्कर्ष निघतो तो इतकाच, की दोन वेगळे प्रश्न दोन वेगळ्या तपासण्यांना विचारावे लागतात. किती क्षमता उरली आहे, हे ईजीएफआर सांगतो. उरलेली किती वेगाने जाईल, याची चाहूल अल्ब्युमिन देतं. केडीआयजीओ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ मध्ये मूत्रपिंडविकाराचं जे वर्गीकरण केलं, त्याचं कोष्टक म्हणूनच दुहेरी आहे: एका बाजूला ईजीएफआरच्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला अल्ब्युमिनच्या.

या दुहेरी मोजमापाची ताकद एका हिशेबाने दाखवतो. कॅनडातल्या नवदीप टांगरी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक सूत्र प्रसिद्ध केलं. वय, लिंग, ईजीएफआर आणि लघवीतलं अल्ब्युमिन, एवढ्या चार गोष्टींवरून ते येत्या दोन आणि पाच वर्षांत किडनी निकामी होण्याचा धोका सांगतं. ज्यांचा ईजीएफआर ६० च्या खाली गेला आहे त्यांच्यासाठी ते आहे. २०१६ मध्ये ३० हून अधिक देशांतल्या ७ लाखांवर लोकांच्या माहितीवर ते तपासलं गेलं आणि टिकलं. आता साठ वर्षांचे दोन पुरुष घ्या. दोघांचंही क्रिएटिनिन १.७ च्या आसपास, दोघांचाही ईजीएफआर ४५. एकाचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण १०, दुसऱ्याचं १०००. उत्तर अमेरिकेबाहेरच्या लोकांसाठी जुळवून घेतलेलं सूत्र लावलं, तर पहिल्याला पाच वर्षांत किडनी निकामी होण्याचा धोका सुमारे १ टक्का येतो, आणि दुसऱ्याला ७ टक्क्यांच्या वर. केडीआयजीओच्या २०२४ च्या शिफारशीनुसार हा धोका ३ ते ५ टक्के झाला की रुग्णाला मूत्रपिंडतज्ज्ञाकडे पाठवावं. म्हणजे दुसऱ्याने तज्ज्ञाकडे जायलाच हवं, पहिल्याची देखरेख त्याचे नेहमीचे डॉक्टर करू शकतात. केवळ क्रिएटिनिन पाहणाऱ्याला हे दोघे जुळे भाऊ वाटतील.

ज्यांची क्षमता अजून शाबूत आहे, त्यांचं काय? त्यांच्यासाठीही सूत्रं आहेत. २०१९ मध्ये २८ देशांतल्या ५० लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवरून पाच वर्षांत ईजीएफआर ६० च्या खाली जाण्याचा धोका काढणारी समीकरणं प्रसिद्ध झाली. मधुमेह असलेल्यांसाठी एक आणि नसलेल्यांसाठी एक, अशी ती स्वतंत्र आहेत. वय, रक्तदाब, वजन, धूम्रपान, हृदयविकाराचा इतिहास, लघवीतलं अल्ब्युमिन आणि मधुमेह असेल तर एचबीए१सी आणि चालू असलेली मधुमेहाची औषधं, अशी साधी माहिती त्यांना लागते. यातलं बहुतेक आपल्या केसपेपरवर आधीच लिहिलेलं असतं. कमी असतं ते एकच, अल्ब्युमिन.

आता तिसरा खांब, म्हणजे ‘कळून तरी काय बदलणार?’ हा सर्वांत वजनदार आक्षेप. त्याला मिळालेलं उत्तर मात्र गेल्या काही वर्षांतलं आहे.

२०१३ मधली अमेरिकी शिफारस त्या काळापुरती अगदी निराधार नव्हती. १९९३ मध्ये कॅप्टोप्रिलने पहिल्या प्रकारच्या मधुमेहींची किडनी सावरते हे सिद्ध झालं होतं. २००१ मध्ये लोसार्टन आणि इर्बेसार्टन यांनी दुसऱ्या प्रकारातही तेच दाखवलं. त्यानंतर मात्र बरीच वर्षं हाती दुसरं खास असं काही आलं नाही. रुग्ण सार्टन घेतो आहे, मग अल्ब्युमिन मोजून पुढे काय देणार, असा तो युक्तिवाद होता. अमेरिकेतल्या मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संघटनेने तेव्हाही त्याला कडाडून विरोध केला होता.

तो युक्तिवाद २०१९ मध्ये संपला. क्रीडेन्स चाचणीत ४,४०१ मधुमेहींना सार्टन किंवा प्रिलच्या जोडीला कॅनाग्लिफ्लोझिन दिलं गेलं किंवा नुसती दिखाऊ गोळी. किडनी निकामी होणं, क्रिएटिनिन दुप्पट होणं किंवा किडनी-हृदयाच्या विकाराने मृत्यू येणं, यांचा एकत्रित धोका ३० टक्क्यांनी घटला. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. २०२० मध्ये डापा-सीकेडी चाचणीत डापाग्लिफ्लोझिनने अशाच एकत्रित परिणामाचा धोका ३९ टक्क्यांनी कमी केला. त्यातल्या सुमारे एक तृतीयांश लोकांना मधुमेह नव्हताच. त्याच वर्षी फिनेरेनोन आलं, २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड. या चाचण्यांत रुग्ण कसे निवडले, ते लक्षात घ्यायला हवं. लघवीतलं अल्ब्युमिन हा प्रवेशाचा दाखला होता. क्रीडेन्समध्ये ज्यांचा ईजीएफआर ६० ते ९० च्या दरम्यान होता, म्हणजे ज्यांचं क्रिएटिनिन सर्रास नॉर्मल वाटलं असतं, असेही लोक होते. त्यांना औषधाची गरज आहे हे क्रिएटिनिनने कधीच सांगितलं नसतं.

आणि डापाग्लिफ्लोझिनसारखं औषध आपल्या आवाक्याबाहेरचं आहे, असंही आता म्हणता येत नाही. भारतात डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट ऑक्टोबर २०२० मध्ये संपलं, त्याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. त्यानंतर देशी कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या आणि किमती पडल्या. उपचार आहे, परवडणारा आहे. तो कुणाला आधी द्यायचा हे ठरवणारी तपासणीच केली जात नाही, ही खरी अडचण आहे.

क्रिएटिनिनच्या एकछत्री राज्याचा आणखी एक अपाय इथे उघड होतो. सार्टन आणि प्रिल गटातली औषधं गुच्छाबाहेर जाणारी रक्तवाहिनी सैल करतात, तर डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली आत येणारी वाहिनी आवळतात. दोन्हींनी गुच्छातला घातक दाब उतरतो. दाब उतरला की गाळण्याचा वेग थोडा कमी होतो, आणि सुरुवातीला क्रिएटिनिन किंचित वाढतं. सार्टन किंवा प्रिल सुरू केल्यावर चार आठवड्यांत झालेली ३० टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा औषध बंद करण्याचं कारण मानत नाहीत. पोटॅशियम तपासून पुढे जातात. पण क्रिएटिनिनवरच सगळी श्रद्धा असली की घरात हाकाटी होते: ‘बीपीच्या गोळीने किडनी बिघडली!’ गोळी बंद होते आणि संरक्षण जातं. रोग सुरू होतो तेव्हा क्रिएटिनिन सुधारल्यासारखं दिसतं, उपचार सुरू होतो तेव्हा बिघडल्यासारखं. दोन्ही टोकांना ते एकटं चुकीची वाट दाखवतं. लघवीतलं अल्ब्युमिन सोबत मोजलेलं असेल तर ते उतरताना दिसतं, आणि रुग्णाला धीर देता येतो.

धोका कळल्याने फक्त औषध बदलत नाही. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणून रोज खाल्ली जाणारी डायक्लोफेनॅकची गोळी कुणी कटाक्षाने टाळायची, जुलाब-उलट्या झाल्या की कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या हे आधीच कुणी विचारून ठेवायचं, रक्तदाब अधिक काटेकोरपणे कुणाचा पाहायचा, हे सगळं त्यावर ठरतं. शिवाय लघवीत अल्ब्युमिन उतरणं ही हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांबद्दलचीही सूचना असते. मूत्रपिंडविकार असलेले अनेक जण डायलिसिसपर्यंत पोचण्याआधी हृदयविकाराने जातात. ‘बहुतेकांवर डायलिसिसची वेळ येत नाही’ या दिलाशात हेही एक कारण लपलेलं आहे.

चौथा खांब परदेशी सूत्रांचा. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. आपल्याकडे अनेकांचे स्नायू कमी, आहारात मांस कमी किंवा नाहीच, त्यामुळे क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं. भारतात झालेल्या मोजमापांतूनही दिसलं आहे की, ही सूत्रं आपल्या लोकांची किडनी आहे त्यापेक्षा चांगली दाखवण्याकडे झुकतात. पण या आक्षेपाचा रोख कुणाकडे जातो? सूत्रात वय-लिंगाची दुरुस्ती केल्यावरही जर चूक उरत असेल, तर कसलीच दुरुस्ती न केलेला नुसता क्रिएटिनिनचा आकडा त्याहून जास्त चुकणार. म्हणजे हा मुद्दा क्रिएटिनिनवादाच्याच विरोधात साक्ष देतो. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण स्नायूंच्या फरकापासून पूर्ण मुक्त नाही हे खरं; पण १० आणि १००० यांतला फरक स्नायूंनी पुसला जात नाही. शंका असेल तिथे सिस्टॅटिन-सी ही तपासणी आहे, तिच्यावर स्नायूंचा प्रभाव फारच कमी असतो. आपल्या लोकांसाठी सूत्रं जुळवून घेणं हे भारतीय संशोधकांपुढचं काम आहे. ते पुरं होईपर्यंत भाकीतच करू नये, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. टक्केवारी थोडी इकडे-तिकडे झाली, तरी कुणाला जास्त धोका आणि कुणाला कमी ही क्रमवारी या सूत्रांतून चांगली लागते, आणि निर्णयाला आधी तीच लागते.

राहिला दुसरा खांब, शिक्क्याचा आक्षेप. मॉयनिहान, ग्लासॉक आणि डाउस्ट यांची चिंता खरी आहे, फक्त तिचा रोख वेगळ्या माणसांकडे आहे. ऐंशी वर्षांच्या, मधुमेह नसलेल्या, लघवीत अल्ब्युमिन नसलेल्या आजोबांचा ईजीएफआर ५५ आला तर त्यांना रोगी म्हणून घाबरवू नये, हे मलाही पटतं. वयाबरोबर गाळण्याचा वेग थोडा घटतोच. पण मधुमेह आणि रक्तदाब असलेला माणूस हा सरसकट चाळणीतला माणूस नव्हे. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१२ मध्ये सर्वसामान्य प्रौढांच्या चाळणीला पुरेसा पुरावा नाही असं म्हटलं, तेव्हाच मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांना त्या विधानातून वगळलं होतं. आणि शिक्का चुकून बसू नये याची सोयही पद्धतीत आहे. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, जोरकस व्यायाम, मासिक पाळी यांनी अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं. म्हणून तीन ते सहा महिन्यांत घेतलेल्या तीन नमुन्यांपैकी दोन वाढलेले आले तरच ते खरं धरतात. उलट, धोका मोजल्याने अनेकांच्या मनावरचं ओझं उतरतं. ज्याचा पाच वर्षांचा धोका १ टक्का आहे, त्याला निर्धास्तपणे तसं सांगता येतं. धोका मोजायचाच नाही असं ठरवलं की सगळ्यांना एकसारखं घाबरवावं लागतं किंवा सगळ्यांना एकसारखं गाफील ठेवावं लागतं.

आपण आज काय करतो आहोत, याचं उत्तर आपल्याच देशाच्या नोंदणीत आहे. भारतीय मूत्रपिंडविकार नोंदणीचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५२ हजारांहून जास्त रुग्ण होते. सर्वांत मोठं कारण मधुमेह, ३१ टक्के. रक्तदाब १३ टक्के. आणि सुमारे ४८ टक्के रुग्ण तज्ज्ञापर्यंत पोचले तेव्हाच पाचव्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात होते. जवळजवळ निम्मे लोक किडनी संपल्यावर पहिल्यांदा किडनीच्या डॉक्टरांना भेटले. ‘क्रिएटिनिन वाढलं की बघू’ या धोरणाचा हा निकाल आहे.

याच्या शेजारी दुसरे आकडे ठेवा. आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने २०२३ मध्ये देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज दिला. रक्तदाबाचं प्रमाण ३५.५ टक्के निघालं. मधुमेहात देशात सर्वांत पुढे आपला शेजारी गोवा, २६.४ टक्के. केंद्राचा डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला तेव्हा सरकारी अंदाज होता की देशात दर वर्षी सुमारे २.२ लाख लोकांची किडनी निकामी होते आणि त्यामुळे डायलिसिसची मागणी वर्षाला ३.४ कोटी फेऱ्यांनी वाढते. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून अनेकांचं डायलिसिस होतं, आणि ते व्हायलाच हवं. पण आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार-चार तास यंत्राला जोडून घेणं, मजुरी बुडवणं, गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालणं, हा भार कुठलीही योजना उचलू शकत नाही. एसीआर तपासणी काही शे रुपयांत होते. शेवटच्या टप्प्यावर खर्च करायला आपण तयार आहोत आणि पहिल्या टप्प्यावर नाही, याला काटकसर म्हणता येत नाही.

तेव्हा सिद्धान्त असा. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याच्या किडनीचा धोका आधी ओळखता येतो. त्यासाठी दोन आकडे एकत्र लागतात, ईजीएफआर आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान झाल्या दिवसापासून, पहिल्या प्रकारात पाच वर्षांनंतर, आणि त्यापुढे निदान वर्षातून एकदा ते मोजायला हवेत. रक्तदाबाच्या रुग्णाचेही मोजायला हवेत. प्रयोगशाळांनी क्रिएटिनिनच्या शेजारी ईजीएफआर न मागता छापावा. गावोगावच्या आरोग्य केंद्रांत साखर आणि रक्तदाब मोजला जातो, तिथे एसीआरची जोड द्यावी. जास्त धोका असलेल्यांना नवी औषधं उशीर न करता मिळावीत, आणि कमी धोका असलेल्यांना तसं स्पष्ट सांगितलं जावं.

आणि वाचकहो, तुमच्या घरात मधुमेह किंवा रक्तदाब असलेलं कुणी असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन प्रश्न नक्की विचारा: ईजीएफआर किती आहे? लघवीतलं अल्ब्युमिन किती आहे? आणि दोन्ही मिळून येत्या पाच वर्षांचा धोका किती आहे? ‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे’ एवढंच उत्तर मिळालं, तर तपासणी अपुरी आहे असं समजा आणि ती पुरी करून घ्या.